सहाशे ताल, एक बोट

नवऱ्याने जेवणाच्या टेबलावर कोरे कागद पसरले आणि पट्टी घेऊन उभ्या रेघा मारायला सुरुवात केली, तेव्हाच तिच्या लक्षात आलं की कीबोर्ड काही या आठवड्यात घरात येत नाही.

तो एका कारखान्याच्या खरेदी विभागात होता. नऊ वर्षं नट, बोल्ट, वंगण आणि हातमोजे खरेदी करून त्याचं असं ठाम मत झालं होतं, की तीन कोटेशनं न मागवता घेतलेली वस्तू एकतर महाग पडते किंवा लवकर बिघडते, आणि यातलं काहीच झालं नाही तर आपल्याला ते अजून कळलेलं नाही एवढंच. फरशी पुसायचा मॉप घ्यायचा होता तेव्हा तिसरं कोटेशन येईपर्यंत ती सतरा दिवस जुन्या चादरीच्या तुकड्याने फरशी पुसत होती. तेव्हा तिला सातवा महिना होता. मॉप मात्र खरोखरच स्वस्तात मिळाला, हे तो अजूनही आल्यागेल्याला सांगतो.

"मी कीबोर्ड बघून आलेय," ती म्हणाली. "वाजवूनही आलेय. तोच हवाय."

"एकच बघितलास, मग निवडलास कुठे? निवड म्हटली की निदान तीन तरी पाहिजेत."

"मला निवडताना किती कोटेशनं मागवली होतीस?"

"म्हणूनच म्हणतोय," तो रेघ मारता मारता म्हणाला.

घरापासून दोन गल्ल्यांवर एक बालशाळा होती आणि तिथे संगीत शिकवणारी बाई हवी होती. आठवड्यातून चार सकाळी काम, पगार बेताचा, आणि जाहिरातीत शेवटी बारीक अक्षरात 'स्वतःचा अरेंजर कीबोर्ड असल्यास प्राधान्य'. पगारावर तिचा डोळा नव्हताच. तिचा जीव अडकला होता तिथल्या एका काचेत. संगीताच्या खोलीला लागून अगदी लहान मुलांची खोली होती आणि मधल्या भिंतीला मोठी काच होती. शिकवता शिकवता नुसती मान वळवली की पलीकडचं मूल दिसेल. शिवाय शाळेत काम करणाऱ्यांच्या मुलांना त्या खोलीची फी नव्हती. अडीच वर्षांत आपल्या लेकीला, छोटीला, नजरेआड करून ती धड अंघोळीलाही गेली नव्हती. छोटी ओरडली की ती धावत जायची, आणि गप्प बसली की दुप्पट वेगाने. कॉलेजच्या वाद्यवृंदात तीन वर्षं कीबोर्ड वाजवलेल्या बाईने घराबाहेर काम करावं आणि पोरही डोळ्यांसमोर राहावी, अशी जागा तिला माहीत होती ती एकच. तिथे मुलांसमोर वाजवून दाखवायला तिला अकरा दिवसांनी बोलावलं होतं.

एका वादकाने आपला जुना कीबोर्ड विकायला काढला होता. ती छोटीला कडेवर घेऊन त्याच्याकडे जाऊन आली होती. डाव्या हाताने नुसता स्वरमेळ धरला की मागे ड्रम, बास, गिटार असा अख्खा ताफा आपोआप वाजू लागतो, असलं ते यंत्र. पण तिला भावलं होतं वेगळंच. कळ हलकेच दाबली की आवाज हलका यायचा आणि जोरात दाबली की जोरात. दोन कळांचे कोपरे झिजले होते, एका बटणावरचं अक्षर पुसलं गेलं होतं, आणि किंमत त्यांना झेपेल एवढी होती.

"जुन्याचं बिल मिळतं का?" नवऱ्याने विचारलं.

"नाही."

"वॉरंटी?"

"नाही."

"मग आपण विकत काय घेणार आहोत?"

"कीबोर्ड."

त्याने पेन खाली ठेवलं आणि लहान मुलाला समजवावं तसं म्हणाला, "हे बघ, मी नाही म्हणतच नाहीये. तोही एक पर्याय म्हणून तक्त्यात घालू. अन्याय नको कुणावर."

तक्त्यात रकाने पडले. किंमत, कळांची संख्या, तालांची संख्या, वजन, वॉरंटी. तिने कळांच्या दाबाचा रकाना घालायला सांगितलं.

"त्याचं मोजमाप काय?"

"मोजमाप नसतं. हाताला कळतं."

"अगं, 'हाताला कळतं' हे मी तक्त्यात लिहू कसं? उद्या कुणी विचारलं तर?"

"कोण विचारणार आहे?"

या प्रश्नाने तो खरोखरच बुचकळ्यात पडला. नऊ वर्षांत त्याला कोणीही काहीही विचारलं नव्हतं, आणि ते केवळ तक्त्यामुळे, अशी त्याची श्रद्धा होती.

एवढ्यात सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि कागदांकडे बघून खुर्ची ओढून बसल्या. "माझं एवढंच म्हणणं आहे, तो कपाटावर मावला पाहिजे. आणि हलका हवा, नाहीतर वर चढवायचा कुणी?"

"आई, तो वाजवायला आणायचाय."

"वाजवून झाल्यावरचं बोलतेय मी. तू काय चोवीस तास वाजवत बसणारेस?"

नवऱ्याने ताबडतोब उठून मोजपट्टीने कपाट मोजलं. या सगळ्या खरेदीत प्रत्यक्ष मोजली गेलेली ती एकमेव गोष्ट. सासऱ्यांनी आतल्या खोलीतून ऐकून घेतलं होतं. ते चष्मा लावून बाहेर आले आणि म्हणाले, "घरातल्या कुणालाही वाजवता आला पाहिजे असं लिही. ही चार दिवसांनी कंटाळली तर? पैसे वाया नकोत जायला."

"मी नाही कंटाळणार, बाबा."

"मी कुठे म्हणतोय कंटाळशील. कंटाळलीस तर, असं म्हणतोय."

तेही लिहिलं गेलं. ज्या बाईला कीबोर्ड वाजवायचा होता तिची अट सोडून बाकी सर्वांच्या अटी निळ्या शाईत उतरल्या, आणि तीन दुकानांना पत्रं गेली.

पहिलं कोटेशन दुसऱ्या दिवशी आलं, दुसरं चौथ्या दिवशी, आणि तिसरं येता येईना. तिसऱ्या दुकानाचा मालक गावाला गेला होता. "दोनावर भागव," ती म्हणाली. नवरा तिच्याकडे असा बघत राहिला, जणू तिने त्याला लाच घ्यायला सांगितली होती. दरम्यान ती स्वयंपाकाच्या ओट्यावर बोटं फिरवून सराव करत होती. छोटीला वाटलं हा खेळ आहे, म्हणून तीही स्टुलावर चढून ओट्यावर थापट्या मारू लागली, आणि मग ओट्यावरच्या सुऱ्या, माचिस आणि गरम भांडी सरकवता सरकवता सरावाची वेळ संपून जायची.

आठव्या दिवशी तिसरं कोटेशन आलं आणि रविवारी सगळं घर दुकानात गेलं. दुकानदाराने प्रत्येक कीबोर्डवरचं नमुन्याचं गाणं लावून दाखवलं. सासरे मान डोलवत म्हणाले, "वा, काय हात आहे."

"बाबा, कुणी वाजवत नाहीये. ते आपोआप वाजतंय."

"म्हणूनच इतकं स्वच्छ येतंय."

तिने एकीकडे जाऊन कळा दाबून पाहिल्या. हळू दाबली, तेवढाच आवाज. जोरात दाबली, तेवढाच आवाज. तिने परत हळू दाबली.

"याला कळ कशी दाबली ते समजतच नाही," ती नवऱ्याला म्हणाली.

"सहाशे ताल आहेत," नवरा म्हणाला.

"मला चार लागतील."

"मग पाचशे शहाण्णव शिल्लक राहतील. त्या वादकाच्यात किती होते?"

"शंभर असतील."

"बघ." आणि त्याने तक्त्यात शंभरवर बारीकशी फुली मारली. शंभर तालांचा कीबोर्ड एका फुलीत संपला. तसाही तो गुरुवारीच विकला गेला होता. तिने आशेने फोन केला तेव्हा वादकाने हळहळून सांगितलं, "ताई, तुम्ही येते म्हणाला होतात म्हणून चार दिवस थांबलो होतो हो."

सहाशे तालांचा नग दुकानातला शेवटचा होता. कंपनीने ते मॉडेल बंद केलं होतं म्हणून किंमत पाडलेली. वजनाला हलका, कपाटावर बरोबर मावणारा, आणि एका बोटानेही वाजणारा. एक बटण आधी दाबलं की डावीकडची कुठलीही एक कळ दाबताक्षणी ताफा सुरू. घरातल्या कुणालाही वाजवता येईल ही अट त्याने शंभर टक्के पुरी केली होती. नवऱ्याने तक्त्याखाली तारीख घालून सही केली. मग तक्ता तिच्यापुढे सरकवला.

"मी कशाला?"

"तू वापरकर्ता विभाग."

तिने सही केली.

उरलेले दोन दिवस तिने सराव केला. छोटी झोपलेली असायची म्हणून हेडफोन लावून. त्यामुळे बाहेरच्यांना फक्त प्लॅस्टिकच्या कळांची खटखट ऐकू यायची. "आवाजच येत नाही, मग एवढा आणला कशाला?" सासूबाईंनी विचारलं. दुपारी छोटी जागी असताना तिने हेडफोन काढला, तेव्हा त्या दाराशी येऊन म्हणाल्या, "एवढा आवाज का गं करतो हा?" मधला आवाज त्याच्या कळांत नव्हताच. मग तिनेच मार्ग काढला. ताफा पूर्ण बंद करून टाकला, जिथे हळू आवाज हवा तिथे आवाजाचं बटण डाव्या हाताने कमी करायचं, आणि उजव्या हाताने गाणं वाजवायचं. रोज शंभर वेळा ते बटण फिरवून तिच्या अंगठ्याची साल गेली, पण गाणं माणसाने वाजवल्यासारखं येऊ लागलं.

प्रात्यक्षिकाच्या सकाळी सासूबाईंची दाढ ठणकायला लागली आणि सासरे त्यांना घेऊन दाताच्या डॉक्टरकडे गेले. छोटीला बरोबर नेण्यावाचून इलाज नव्हता. एका हातात छोटी, खांद्याला कीबोर्ड, दातांत अॅडॉप्टरची पिशवी, अशा अवतारात ती शाळेत पोहोचली. मुख्याध्यापिका, ज्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणायची, आणि शाळेचे कारकून असे दोघे परीक्षक म्हणून बसले होते. समोर वीस-बावीस मुलं रांगेत उभी.

तिने वाजवलं, आणि चांगलं वाजवलं. मुलं सोबत गात होती. दुसऱ्या ओळीवर एक बारकी मुलगी अडली. तशी ती थांबली, तो एकच सूर हळू धरून ठेवला, मुलीकडे बघून हसली. मुलीला शब्द आठवला, तिने तो गिळत गिळत म्हटला, आणि तिला घेऊनच सगळं गाणं पुढे निघालं. असं तीनदा झालं. तिला वाटलं, आपण इतकं बरं आयुष्यात कधी वाजवलं नसेल. मोठ्या बाईंनी घड्याळात पाहिलं.

तेवढ्यात रांगेतल्या एका मुलाने दुसऱ्याच्या पोटात कोपर मारलं. दुसरा भोकाड पसरून रडू लागला. ती सवयीने उठली आणि त्याला उचलून घेतलं. त्याला थोपटत असताना तिच्या एकदम लक्षात आलं, की छोटी फार वेळ गप्प आहे.

ती वळेपर्यंत छोटी खुर्चीवर चढली होती. तिने दिसेल ती दोन बटणं दाबली आणि डावीकडच्या कळेवर एक बोट ठेवलं.

ड्रम वाजले, बास वाजला, गिटार, मागून तुताऱ्या. रडणारा मुलगा रडायचा थांबला. वीस-बावीस मुलं जागच्या जागी उड्या मारू लागली. छोटीने घाबरून बोट दुसऱ्या कळेवर नेलं, तसा सगळा ताफा इमानेइतबारे तिच्यामागून दुसऱ्या सुरावर गेला. कारकून पायाने ठेका धरत होते. मोठ्या बाई खुर्चीतून उठून पुढे आल्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदाच काहीतरी उमटलं होतं.

"हे सगळं ही वाजवतेय?"

"नाही, म्हणजे, ते आपोआप..."

"केवढी आहे ही?"

"अडीच वर्षांची."

"अडीच," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि वळून कारकुनांकडे पाहिलं. कारकुनांनी पाय थांबवला.

दोन दिवसांनी शाळेतून फोन आला. ती छोटीला भरवत होती, म्हणून नवऱ्याने घेतला. "हो. हो का? अरे वा. खूपच आनंद झाला," असं तो बराच वेळ म्हणत होता. तिच्या हातातला चमचा हवेतच राहिला. फोन ठेवून तो आला तेव्हा त्याचे डोळे चमकत होते.

"त्यांना एकदम पसंत पडलाय."

"पसंत पडलाय म्हणजे?"

"कीबोर्ड. त्यांनी दुकानात चौकशी केली, पण ते मॉडेल बंद झालंय ना. आपल्यापाशी बिल आहे, वॉरंटी आहे. घेतला त्याच किमतीला द्या म्हणाल्या. जुना घेतला असता तर विकता आला असता का? तूच सांग."

"आणि संगीताची बाई?"

"ते पद त्यांनी सध्या रद्द केलं. कारकूनच वाजवतील म्हणाल्या. अडीच वर्षांच्या मुलीला येतं, मग..." त्याला तिचा चेहरा दिसला आणि तो थोडा चाचरला. "अगं, मी तुझं नाव सोडलं नाही. एक दिवसाचं प्रशिक्षण तू देशील असं सांगून टाकलंय. विनामूल्य. विक्रीनंतरची सेवा म्हणून."

सासूबाई एका गालावर हात ठेवून ऐकत होत्या. "कपाटावरची जागा मोकळी झाली," एवढंच त्या म्हणाल्या. दाढ काढल्यामुळे त्या हल्ली थोडक्यात बोलत.

ती रात्रभर चिडायची ठरवून अंथरुणावर पडली, पण चिडता चिडता तिला एक गोष्ट सुचली आणि ती उठून बसली. कारकून वाजवणार म्हणजे ताफा लावून, एका बोटाने. ताफा मुलांसाठी थांबत नाही. मुलं अडतात. चार-पाच वर्षांचं मूल दर दोन ओळींना अडतं. पहिल्याच गाण्याला सगळा बट्ट्याबोळ होईल आणि तो मोठ्या बाईंना डोळ्यांनी दिसेल. म्हणजे प्रशिक्षणाला जायलाच हवं. आपण नुसतं बाजूला उभं राहायचं.

प्रशिक्षणाच्या दिवशी कारकून इस्त्रीचा शर्ट घालून आणि बटणं लिहून घ्यायला नवी वही घेऊन आले होते. पन्नाशी उलटलेले, मऊ स्वभावाचे गृहस्थ. "मॅडम, मी आयुष्यात टाइपरायटर सोडून काही वाजवलेलं नाही," ते अपराधी चेहऱ्याने म्हणाले. "मला सांगितलं, म्हणून बसलोय." तिला त्यांचा रागही येईना. मोठ्या बाई म्हणाल्या, "मुलीला आज एक दिवस बसवा हवं तर आत, लहान मुलांत." छोटी काचेपलीकडच्या खोलीत गेली, एक लाल ठोकळा उचलला आणि कुणालाही न विचारता बसून राहिली. तासाभरात तिने आईकडे एकदाही पाहिलं नाही. आई मात्र दर मिनिटाला बघत होती. काच स्वच्छ होती. तिला वाटलं होतं त्याहून जास्त स्पष्ट दिसत होतं.

तिने कारकुनांना सगळं नीट शिकवलं. हातचं काही राखून ठेवलं नाही, कारण त्याची गरजच नव्हती. मुलं रांगेत उभी राहिली, मोठ्या बाई दारात येऊन थांबल्या, आणि कारकुनांनी श्वास रोखून एक बोट ठेवलं.

पहिली ओळ पार पडली. दुसऱ्या ओळीवर ती बारकी मुलगी अडली. ड्रम पुढे गेले. शेजारचा मुलगा तिच्यासाठी थांबला, मागची चौघं त्याच्यासाठी थांबली, आणि पुढची पाच जणं ड्रमच्या मागे धावली. तिसऱ्या ओळीपर्यंत एका गाण्याची तीन गाणी झाली होती, आणि गिटार सगळ्यांच्या पुढे निघून गेली होती. एक मुलगा खाली बसला. बारक्या मुलीचा ओठ थरथरायला लागला. कारकुनांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी बोट तसंच ठेवून मान वळवली.

"मॅडम, याला थांबवायचं कुठलं बटण?"

"ते लाल. पण त्याने सगळंच बंद पडतं."

"तसं नको. मूल अडलं की जरा थांबायचं, त्याला येऊ द्यायचं, आणि मग त्याच्याबरोबर पुढे निघायचं. तसं."

"तसं बटण नसतं," ती म्हणाली. मोठ्या बाईंना दारापर्यंत ऐकू जावं इतक्या आवाजात म्हणाली. "कुठल्याच कीबोर्डला नसतं. त्यासाठी माणूस बसवावा लागतो."

कारकुनांनी लाल बटण दाबलं. खोलीत शांतता झाली. काचेपलीकडे छोटीने लाल ठोकळ्यावर निळा ठोकळा ठेवला.

मोठ्या बाई पुढे आल्या. त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत घातला. त्या विचार करत होत्या हे स्पष्ट दिसत होतं, आणि शहाण्या बाई होत्या, बरोबर तोच विचार करत असणार. तिने नकळत हात मागे बांधले. मोठ्या बाईंनी कीबोर्डकडे पाहिलं, मग तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, मग त्या मुलांकडे वळल्या. खाली बसलेल्या मुलाला त्यांनी हाताला धरून उठवलं, आणि बारक्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"मुलांनो," त्या मायेने म्हणाल्या, "आजपासून जरा भरभर गायचं, बरं का. ते थांबत नाही."